आगबोटीचे चाक

नाटे गावच्या यशवंतगडावर उभे राहिले म्हणजे खाली जैतापूरची खाडी दिसते. पलीकडच्या तीरावर जैतापूर, अलीकडे मुसाकाजीचे जुने बंदर, आणि खाडीच्या पोटात शिरत गेले तर पुढे राजापूर. सतराव्या शतकात इंग्रजांनी राजापुरास वखार घातली ती याच पाण्याच्या भरवशावर. पुढे मुंबई-गोवा आगबोटींच्या काळात बोट बाहेर खोल पाण्यात नांगर टाकी, भोंगा वाजवी, आणि मग किनाऱ्यावरून पडाव सुटत. बोचकी, फणस, आंब्याच्या पेट्या, म्हातारी माणसे, तान्ही मुले ही सर्व त्या पडावांतून हेलकावे खात बोटीला लागत. ‘बोट लागणे’ हा मराठी वाक्प्रचार कोकणी माणसाने अनुभवाने मिळवलेला आहे. त्याचा अर्थ या सभेत कुणाला समजावून सांगण्याची आवश्यकता आम्हांस वाटत नाही.

विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात ही वाहतूक बंद पडली. पुढे १९९८ साली कोकण रेल्वे मुंबईपासून मंगळूरपर्यंत सलग सुरू झाली. आगबोट आता आठवणीपुरती उरली, आणि आठवणीतली आगबोटही बहुतेक मळसूत्री पंख्याची. तो पंखा बोटीच्या मागच्या बाजूस पाण्याखाली फिरतो, वरून दिसत नाही. परंतु आगबोटीचे मूळ रूप असे नव्हते. तिच्या दोन्ही कुशींना दोन प्रचंड चाके होती, आणि ती पाणी कापीत, खळखळाट करीत, साऱ्या जगाच्या देखत फिरत. त्या चाकाच्या आगबोटीविषयी, आणि तिचा लहान प्रमाणबद्ध नमुना करताना आम्ही जे शिकलो त्याविषयी, आज बोलावयाचे आहे.

चाकच का, असा प्रश्न प्रथम मनात येतो. वाफेचे यंत्र हाती आले तेव्हा बोट पुढे ढकलण्यासाठी माणसाला वल्हे ठाऊक होते आणि पाणचक्की ठाऊक होती. आपल्याकडे तर पोफळीच्या बागेतला रहाट ठाऊक होता. रहाट जागेवर उभा असतो आणि फिरताना पाणी हलवतो. हाच रहाट तरंगत्या वस्तूला जखडला आणि जोराने फिरवला, तर पाणी मागे जाईल व वस्तू पुढे जाईल. चाकाच्या आगबोटीचे सारे तत्त्व एवढेच आहे. फिरत्या चाकावर वल्ही बसवली की वल्हवणारे थकण्याचा प्रश्न राहत नाही. मात्र वल्हवणाऱ्यांना भाकरी लागे, चाकाला कोळसा लागतो.

फ्रान्समध्ये मार्क्विस द जूफ्रॉय याने १७८३ साली सोन नदीवर वाफेची बोट चालवून दाखवली. स्कॉटलंडमध्ये विल्यम सिमिंग्टनची ‘शार्लट डंडस’ १८०३ साली कालव्यातून दोन पडाव ओढीत गेली. अमेरिकेत रॉबर्ट फुल्टनने १८०७ साली हडसन नदीवर उतारूंची नियमित ने-आण सुरू केली, आणि १८१२ साली हेन्री बेलची ‘कॉमेट’ क्लाइड नदीवर भाड्याने धावू लागली. ही कॉमेट कितीशी मोठी होती? लांबी सुमारे ४५ फूट, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मच्छीमार नौकेएवढी. तिचे यंत्र आजही लंडनच्या विज्ञान संग्रहालयात ठेवलेले आहे. पुढच्या प्रचंड जहाजांचा वंश अशा लहान बोटींपासून वाढला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कारण लहान वस्तूवर प्रयोग करूनच मोठी वस्तू साधते, हा आजच्या आमच्या बोलण्याचा एक धागा आहे.

हिंदुस्थानात वाफ आली ती प्रथम बंगालमध्ये. १८२३ साली कलकत्त्याजवळ खिदिरपूर येथे ‘डायना’ नावाची चाकाची बोट पाण्यात उतरली. १८२५ साली ‘एंटरप्राइझ’ ही बोट इंग्लंडहून आफ्रिकेला वळसा घालून कलकत्त्यास आली. तिला सुमारे ११३ दिवस लागले, आणि त्यांतले कित्येक दिवस तिने शिडांवरच काढले. चांगले शिडाचे जहाज याहून फार मागे पडले नसते. तेव्हा वाफेचा उपयोग तो काय, असे म्हणणारे पुष्कळ निघाले. या प्रश्नाचे उत्तर मुंबईने दिले, आणि मुंबईच्या वतीने ते सुतारांनी दिले.

मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याची कारागिरी १७३० नंतरच्या दशकापासून चालत आलेली होती. लवजी नसरवानजी हे सुरतेहून आलेले मूळ पुरुष. या गोदीत मलबारी सागवानाची जहाजे बांधली जात, आणि ती ओकाच्या जहाजांपेक्षा टिकतात असा लौकिक होता. तो खोटा नव्हता. १८१७ साली येथे पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका आज दोनशेहून अधिक वर्षांनीही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगत उभी आहे. याच गोदीतल्या ‘कॉर्नवॉलिस’ नौकेवर १८४२ साली चीनशी नानकिंगचा तह झाला.

अशा गोदीत १४ ऑक्टोबर १८२९ रोजी ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट पाण्यात सोडण्यात आली. तिचे वजनमाप ४११ टन. ८० अश्वशक्तीची दोन यंत्रे इंग्लंडहून आणलेली. परंतु सांगाडा, फळ्या आणि बांधणी मुंबईची, नौरोजी जमशेटजी वाडिया यांच्या देखरेखीखाली झालेली. तारखेकडे जरा लक्ष द्यावे. मुंबई-ठाणे आगगाडी धावली १८५३ साली. आपल्या कोकणातल्याच पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले १८३२ साली. म्हणजे मुंबईत समुद्रगामी आगबोट बांधली गेली तेव्हा देशात आगगाडी नव्हती आणि मराठीत वृत्तपत्रही नव्हते. आपला यंत्रयुगाशी परिचय रुळांवरून झाला असे आपण समजतो. वस्तुतः तो त्याआधी पाण्यावरून झाला होता.

२० मार्च १८३० रोजी कमांडर जॉन विल्सन ही बोट घेऊन मुंबईहून सुएझकडे निघाला. तांबड्या समुद्राच्या वाटेने टपाल नेले तर आफ्रिकेचा वळसा वाचेल, हे सिद्ध करावयाचे होते. अडचण एकच होती. बोटीच्या कोठारात साडेपाच दिवसांचा कोळसा मावे, आणि एडनपर्यंतची वाट त्याच्या दुप्पट. मग कोळसा मिळेल त्या जागी भरला. उतारूंच्या खोल्यांतही कोळसा गेला. बोट इतकी खाली बसली की तिची चाके ठरल्यापेक्षा फार खोल पाण्यात गेली. अशा स्थितीत ती अकराव्या दिवशी एडनला पोहोचली, तेव्हा कोठारात काही तासांपुरताच कोळसा उरला होता. पुढे जेद्दा आणि कोसीर येथे थांबत ती ३३ दिवसांनी सुएझला लागली. या वाटेवरच्या थांब्यांवर जो कोळसा आधीच साठवून ठेवला होता तो शिडाच्या जहाजांनी तेथे नेऊन टाकलेला होता. शिडाला मागे टाकायला निघालेली आगबोट शिडाच्याच उपकारावर चालत होती. तथापि तिच्यावरची पत्रे सुमारे दोन महिन्यांत लंडनला पोहोचली. एरवी त्यांना चार-पाच महिने लागत. तेव्हापासून या वाटेला कुणी अशक्य म्हटले नाही.

चाक खोल बुडाले तर काय बिघडले, हे येथे पाहू. चाकाच्या परिघावर फळ्या बसवलेल्या असतात. फळी पाण्याच्या वरच्या थरात सरळ उभी असताना मागे ढकलते तेवढेच तिचे खरे काम. चाक फार बुडाले तर फळी पाण्यात शिरताना पाण्याला थापट मारते आणि बाहेर पडताना पाणी वर उचलते. यंत्राची ताकद या दोन निरुपयोगी कामांत खर्च होते. उलट, प्रवासात कोळसा जळत जातो, बोट हलकी होऊन वर येते, आणि मग चाक पाण्याला पुरेसे टेकत नाही. म्हणजे निघताना चाक बुडालेले, पोहोचताना उघडे. मधल्या काही दिवसांतच ते नेमके. त्यात समुद्र खवळला, बोट कलंडू लागली, की एका कुशीचे चाक पाण्यात गुदमरते आणि दुसऱ्या कुशीचे वाऱ्यावर गरगरते. ह्यू लिंडसेच्या पुढच्या फेऱ्याही बहुतेक हिवाळ्यातच झाल्या, यात नवल नाही. फळ्या पाण्यात सतत उभ्या राहाव्यात म्हणून त्यांना दांड्या जोडून वळवण्याची युक्ती त्याच सुमारास निघाली. तिने पहिला दोष बराच कमी झाला, दुसरा मात्र गेला नाही.

याच गोदीतला आणखी एक पुरुष येथे आठवला पाहिजे. अर्देशीर कर्सेटजी वाडिया यांचा जन्म १८०८ सालचा. त्यांनी तरुणपणीच एक अश्वशक्तीचे लहान वाफयंत्र स्वतः तयार केले. त्यानंतर इंग्लंडहून दहा अश्वशक्तीचे यंत्र मागवून ते मुंबईत बांधलेल्या बोटीत बसवले. ‘इंडस’ नावाची ही बोट १८३३ साली पाण्यात उतरली. पुढे १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले. तो मान मिळवणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत. आधी लहान यंत्र, मग मोठे, मग बोट, हा त्यांचा क्रम आमच्या विद्यार्थ्यांनी डोळ्यांपुढे ठेवण्यासारखा आहे.

समुद्रात चाकाला दोष असले तरी नदीत त्याला तोड नव्हती. चाकाची बोट उथळ पाण्यात चालते, वाळूच्या दांड्यावरून सहज निघते. याचा परिणाम एका राज्यावर झाला आणि त्याची सांगता आपल्या रत्नागिरीत झाली. १८२४ साली इंग्रजांचे ब्रह्मदेशाशी युद्ध सुरू झाले, तेव्हा वर सांगितलेली ‘डायना’ इरावतीत नेण्यात आली. ब्रह्मी लोकांच्या लांबलचक युद्धनौका वल्हवणाऱ्यांच्या बळावर अतिशय वेगाने जात. परंतु माणसे थकत आणि डायना थकत नसे. ती मागे लागली की शेवटी वल्ही हातांतून गळत. पुढे एकसष्ट वर्षांनी, २९ नोव्हेंबर १८८५ रोजी, मंडाले येथे थिबा राजाने शरणागती दिली, आणि त्याला त्याच नदीतून खाली नेण्यात आले ते ‘थूरिया’ नावाच्या चाकाच्या बोटीतून. तेथून समुद्रमार्गाने मद्रास, आणि १८८६ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरी. थिबा राजवाडा आपण पाहुण्यांना हौसेने दाखवतो. १९१६ साली राजाचा येथेच अंत झाला, हेही सांगतो. परंतु ज्या चाकाने त्याच्या घराण्याच्या राज्याचा पहिला लचका तोडला त्याच जातीच्या चाकाने शेवटच्या राजाला घरातून उचलून आणले, हे सहसा सांगितले जात नाही. चाक लाकडालोखंडाचे असते. ते कुणासाठी फिरावे हे त्याच्या हाती नसते.

समुद्रावरच्या चाकाचा निकाल १८४५ साली लागला. इंग्रजी आरमाराने ‘रॅटलर’ ही पंख्याची आणि ‘अलेक्टो’ ही चाकाची अशा दोन नौका शेपटीला शेपटी बांधून विरुद्ध दिशांना ओढायला लावल्या. रॅटलरने अलेक्टोला मागे फरफटत नेले. त्यानंतर समुद्रावर पंखा वाढत गेला. तरीही ‘ग्रेट ईस्टर्न’ या त्या काळच्या सर्वांत मोठ्या जहाजाला चाके आणि पंखा दोन्ही होती. १८७० साली मुंबई ते एडन तारेचा दोर समुद्रतळाशी टाकण्यासाठी ते मुंबईस आले होते. नद्यांतून मात्र चाक फार काळ टिकले. बांगलादेशात ‘रॉकेट’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाकांच्या बोटी एकविसाव्या शतकातही उतारू नेत होत्या.

आपल्या किनाऱ्यावरच्या आगबोटींचा इतिहास स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. गोऱ्या कंपनीच्या मक्त्याविरुद्ध स्वदेशीच्या दिवसांत उभी राहिलेली ‘माझी आगबोट कंपनी’, तिच्या बोटींना दिलेली संतांची नावे, आणि १७ जुलै १९४७ रोजी रेवसच्या वाटेवर ‘रामदास’ बोटीबरोबर बुडालेली सहाशेहून अधिक माणसे, हे सर्व कोकणातल्या घराघरांत ठाऊक आहे. आम्ही त्यात न शिरता नमुन्याकडे वळतो.

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात नाटे येथे मुक्काम असताना सुटीतल्या मुलांना घेऊन आम्ही कॉमेटचा नमुना करावयास घेतला. प्रमाण धरले एकास चोवीस, म्हणजे मूळचा एक फूट तो नमुन्यात अर्धा इंच. पंचेचाळीस फुटांची नौका साडेबावीस इंचांची झाली. लाकूड घेतले पांगाऱ्याचे. सावंतवाडीची खेळणी त्याचीच होतात, ते हलके असते आणि मुलांच्या हातच्या पटाशीला ऐकते. चाके पत्र्याची, फळ्या बांबूच्या, आणि फिरवायला विजेरीवर चालणारी छोटी मोटर. वाफेचे यंत्र आमच्या आवाक्याबाहेरचे होते, हे प्रांजळपणे सांगतो.

येथे नमुन्याचे गणित समजून घेतले पाहिजे, कारण त्यावाचून नमुना म्हणजे केवळ खेळणे. लांबी चोवीसपट कमी केली की पृष्ठभाग ५७६ पट कमी होतो आणि वजन १३,८२४ पट. मूळ नौकेवर एक टन कोळसा चढवला तर नमुन्यावर तो सुमारे ७२ ग्रॅम होतो. वेग मात्र चोवीसपट कमी होत नाही. तो चोवीसच्या वर्गमुळाने, म्हणजे जवळजवळ पाचपट कमी होतो. मूळ बोट ताशी ५ मैल जात असेल तर नमुना ताशी एक मैल गेला पाहिजे. तरच त्याच्या नाळेपुढे उठणारी लाट मूळ लाटेसारखी दिसते. हा नियम विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने मांडला, आणि १८७२ च्या सुमारास टॉर्की येथे लांब हौद बांधून मेणाच्या नमुन्यांवर पडताळून दाखवला. आजही मोठे जहाज बांधण्यापूर्वी त्याचा नमुना अशाच हौदात ओढून पाहतात.

आम्ही बहात्तर-बहात्तर ग्रॅम वाळूच्या पुड्या बांधल्या आणि त्यांना मुलांनी ‘टन’ असे नाव दिले. खाडीकाठच्या साचलेल्या संथ पाण्यात बोट सोडली. रिकामी असताना ती ऐटीत गेली. एकेक टन चढू लागला तशी ती मंदावली, आणि सात टनांवर मोटर घरघरू लागली. चाके पाणी उचलून मागे सांडू लागली. मोटर कमजोर आहे, मोठी आणू, असे आम्ही म्हणालो. काठावर होड्यांची डागडुजी करणारे एक वृद्ध सुतार बसले होते. ते म्हणाले, “मोटर कशाला बदलताय, मास्तर? रहाटाचे लोटे अर्ध्यावर पाण्यात ठेवले तर रहाट फिरेल काय? आस वर घ्या.” त्यांनी स्वतः उठून आसाची भोके पाव इंच वर पाडून दिली. बोट सात टन घेऊन चालली. मग आम्ही सगळे टन काढून घेतले, तेव्हा चाके वरच्यावर फडफडू लागली. म्हातारबुवा हसून म्हणाले, “आता रिकामी नेऊ नका.”

एडनच्या वाटेवर कमांडर विल्सनला जी अडचण भोवली ती आम्ही तोवर पुस्तकात वाचलेली होती. समजली ती त्या संध्याकाळी. आणि ती समजावून देणाऱ्या गृहस्थांनी चाकाची आगबोट जन्मात पाहिली नव्हती. त्यांनी रहाट पाहिला होता आणि पाणी जाणले होते. ह्यू लिंडसे बांधणारे हात याच जातीचे असले पाहिजेत.

त्याच सुतारांना आम्ही विचारले, की होडीची मापे कुठे लिहून ठेवता? त्यांनी कपाळाला बोट लावले. पठाण किती लांब, वाक किती वाकवावयाचे, नाळ किती उचलावयाची, हे सारे त्या कपाळात. त्यांची मुले त्या धंद्यात नव्हती. काठावर उभ्या होड्यांपैकी बऱ्याच आता फायबरच्या होत्या; त्या साच्यातून निघतात, त्यांना वाक बसवणारा सुतार लागत नाही. यात कुणाचा दोष नाही. मच्छीमाराला हलकी आणि न कुजणारी होडी हवी, आणि ती त्याने घ्यावीच. परंतु साचा आला की कपाळातली विद्या कपाळाबरोबर जळते, हेही तितकेच खरे.

असे पूर्वी एकदा झालेले आहे. नाट्यापासून दक्षिणेस फार दूर नाही त्या विजयदुर्गाच्या बंदरात १७५६ च्या फेब्रुवारीत आंग्र्यांचे आरमार जळाले. त्या गुराबांची आणि गलबतांची जी चित्रे आज आपण पाहतो ती बहुतेक परकीयांनी काढलेली. बांधणाऱ्या सुतारांचे माप, आराखडा वा नमुना आपल्या हाती नाही. म्हणून आंग्र्यांच्या गुराबेविषयी आपण अभिमानाने बोलतो, पण तिची बांधणी कशी होती हे विचारले की अडखळतो. उलट, मुंबईच्या ट्रिंकोमालीची फळी न् फळी मोजलेली आहे. ज्याचे माप राहते त्याचा इतिहास राहतो. बाकीच्याची आख्यायिका होते.

मुंबईस भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात जुन्या नौकांचे लहान नमुने मांडलेले आहेत. ज्यांनी ते केले त्यांची नावे बहुधा कुणी विचारीत नाही. परंतु आपल्याकडची होडी कशी होती हे पाहावयाचे तर शेवटी तेथेच जावे लागते. अशा कामाला फार पैसा लागत नाही. प्रत्येक बंदरगावच्या शाळेने गावातली एक लाकडी होडी निवडावी. मुलांनी फीत घेऊन तिची लांबी, रुंदी, खोली, वाकांची संख्या आणि त्यांमधले अंतर मोजावे. सुताराला शेजारी बसवून प्रत्येक लाकडाचे नाव त्याच्या तोंडून लिहून घ्यावे. आणि मग एकास चोवीस प्रमाणाने तिचा नमुना करून शाळेत ठेवावा. चूक झाली तर सुतारच ती दाखवील. आमची त्याने दाखवली.

आमची कॉमेट नाटे येथेच एका घरच्या माळ्यावर आहे. तिच्या कुशीला आसाची दोन-दोन भोके दिसतात, एक आमचे आणि एक त्या म्हाताऱ्यांचे. खालचे भोक बुजवू या, असे मुले म्हणाली होती. आम्ही ते तसेच राहू दिले.